गाडी पुढचा डावा टायर आतून खातेय, अलाइनमेंट दोनदा करूनही

गुहागरी_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

घर गुहागरला, शाळा चिपळूणजवळ. रोज जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. गाडी हॅचबॅक, २०१८ ची. टायर २१ हजार किमी चाललेत. परवा पंक्चर काढायला पुढचं डावं चाक खोललं, तर पंक्चरवाल्याने टायर फिरवून माझ्यासमोर धरला. बाहेरून नक्षी झकास, अजून वर्षभर तरी जाईल अशी. आतली कड मात्र पार गोटा, आणि एका जागी तार दिसायला लागलेली. उभ्या गाडीच्या बाहेरून बघून हे कधी कळलंच नसतं. रोज ह्याच टायरवर मुलीला मागे बसवून घाट उतरत होतो, हे आठवून पोटात गोळा आला.

उजवा पुढचा टायर ठीक आहे. मागचे दोन्ही ठीक. गेल्या आठ महिन्यांत दोनदा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) केली, दोन्ही वेळा छापील कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठीक. हवा दर पंधरा दिवसांनी बघतो. गाडी एका बाजूला ओढत नाही, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरासं डावीकडे कललेलं राहतं. मेस्त्री म्हणतो टायरच खराब कंपनीचा. टायरवाला म्हणतो तुमचा रस्ता खराब. नवीन टायर घालायचाच आहे, पण कारण न शोधता घातला तर तोही वर्षभरात असाच जाणार.

---

मालवणी_भाचो

माका पण ह्योच त्रास झाल्लो. मेस्त्री म्हणता अलाइनमेंट कर, अलाइनमेंटवालो म्हणता टायर बदल. मधल्यामधी माझो खिसो रिकामो. वाचतंय.

---

चाकरमानी_डोंबिवली

टायरमध्ये नायट्रोजन भरा. मी भरतो तेव्हापासून काही त्रास नाही.

---

हातखंबा_तिठा

नायट्रोजनने एका बाजूची कड कशी वाचणार, दादा? आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवेचा दोष असता तर टायर दोन्ही कडांनी नाहीतर मधोमध गेला असता. हवा कमी असली की टायर मधोमध पोटात जातो आणि दोन्ही कडांवर चालतो. जास्त असली की मधला पट्टा फुगतो आणि तोच झिजतो. आमचे एक काका मायलेज वाढावं म्हणून चाळीसची हवा भरायचे. मधला पट्टा गुळगुळीत, कडा कोऱ्या. मायलेज किती वाढलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मास्तर, फक्त आतली कड गेलीय म्हणजे हा चाकाच्या कोनाचा मामला आहे. कँबर किंवा टो. कागदावरचे आकडे इथे टाका, हिरवा रंग नको.

---

गुहागरी_मास्तर

कागद सापडला. कँबर डावा उणे ०.५ अंश, उजवा उणे ०.४ अंश. एकूण टो शून्याच्या आसपास. 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने आहेत. 'आधी'त टो बाहेरच्या बाजूला होता, 'नंतर'मध्ये शून्य झालेला.

---

जुना_पाना

मास्तर, मी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, आता रत्नागिरीजवळ नारळ मोजत बसलोय. हिरव्या कागदावर विसंबू नका. टायरला हात लावा.

कँबर म्हणजे चाक उभं आहे की वरून आत कललंय. तुमचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि लहान आहेत, तेव्हा कँबर सोडून द्या. डाव्या-उजव्यात अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त फरक असता तर मी म्हटलं असतं की कधीतरी खड्ड्यात जोरात आपटून स्ट्रट (शॉकअपचा उभा खांब) नाहीतर नकल (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) वाकलाय. शिवाय हे लक्षात असू द्या की बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कँबर फिरवायची सोयच नसते. अलाइनमेंटवाला पान्याने फिरवतो तो फक्त टो. कँबर बिघडला असेल तर त्याने सांगायला हवं की 'साहेब, काहीतरी वाकलंय.' बरेच जण सांगत नाहीत.

टो म्हणजे चालताना आपले चवडे आत आहेत की बाहेर. चवडे बाहेर टाकून चालणाऱ्या माणसाच्या चपला बघितल्यात ना, तसंच. चाकं बाहेर वळलेली असतील तर आतली कड घासते, आत वळलेली असतील तर बाहेरची. आता काम करा. चाकावर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचलं, तर तो टो. बाहेरून आत येताना बोचलं तर टो बाहेर. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत असेल तर कँबरचा संशय. तारेवर हात फिरवू नका, रक्त काढते.

---

गुहागरी_मास्तर

काका, आत्ता अंगणात जाऊन हात फिरवला. बाहेरून आत येताना खरखरतं, उलट दिशेने मांजराच्या पाठीसारखं मऊ. पण कागदावर टो शून्य आहे, त्याचं काय?

---

जुना_पाना

तेच तर. कागदाचे आकडे उभ्या गाडीचे. टायर झिजतो तो चालत्या गाडीत. मशीनवर उभी असताना चाक जागेवर आहे, आणि घाट उतरताना तुम्ही ब्रेक मारलात की ते जागचं हलतंय. हलवणारी वस्तू बहुधा लोअर आर्मचा बुश.

---

आंबेवाला_वाडीत

हे बुश म्हणजे नक्की काय? आमच्याकडे मेस्त्री प्रत्येक गोष्टीला 'बुश गेलाय' म्हणतो.

---

हातखंबा_तिठा

चाक धरून ठेवणारा खालचा त्रिकोणी हात असतो, तो लोअर आर्म. तो गाडीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी जोडलेला असतो, आणि त्या जोडाच्या मधे रबराची कडी असते. तोच बुश. रबर फाटलं की आर्म मागेपुढे सरकतो. उभ्या गाडीत वजनाने तो आपल्या जागी बसलेला असतो, त्यामुळे मशीन फसतं. ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जातं आणि टो बदलतो. दर वळणावर, दर गतिरोधकावर हेच.

थोडा हिशोब करून बघा. १४ इंची रिमवर दोन्ही चाकं मिळून टो ३ मिमी बाहेर असेल तर कोन दिसायला काहीच नाही. पण प्रत्येक टायर एका किलोमीटरमागे सुमारे चार मीटर आडवा घासत जातो. मास्तरांचा रोजचा नव्वद किमीचा प्रवास धरला तर दिवसाला साडेतीनशे मीटरहून जास्त. सतत तेवढा नसेल, पण घाटात ब्रेकवर पाय असतोच.

---

आशा_रत्नागिरी

माझा प्रश्न जरा वेगळा, पण इथेच विचारते. माझ्या गाडीचे मागचे टायर एका जागी झिजत नाहीत, जागोजागी वाटीसारखे खड्डे पडलेत. साठच्या पुढे गेलं की मागून घूं घूं आवाज. बेअरिंग समजून दोन्ही मागची बेअरिंग बदलली. आवाज तस्साच.

---

जुना_पाना

ताई, बेअरिंगचे पैसे वाया गेले. वाट्या पडल्या म्हणजे चाक रस्त्यावर नाचतंय. शॉकअप गेलेत. खड्ड्यातून बाहेर आल्यावर स्प्रिंग चाकाला खाली-वर उडवते आणि शॉकअप ते थांबवू शकत नाही. चाक जिथे-जिथे आपटतं तिथे-तिथे खाल्लं जातं. आवाज वाट्यांचा आहे.

खात्री करायची असेल तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे टाकून चालवून बघा. आवाज पुढे आला तर टायर. मागेच राहिला तर दुसरं काही. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबला तर बरा, दोन-तीन हेलकावे खाल्ले तर शॉकअपला हार घाला. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आलाय का तेही बघा.

---

आशा_रत्नागिरी

ओघळ आहे! मी समजत होते चिखल. बेअरिंगवाल्याला आता काय म्हणू?

---

चिपळूणचा_पूर

इथे आणखी एक कारण लिहितो. २०२१ च्या २२ जुलैला आमच्याकडे पाणी आलं तेव्हा गाडी छतापर्यंत बुडालेली. इंजिन, सीट सगळं केलं. दीड वर्षाने लक्षात आलं की पुढचा उजवा टायर बाकी तिघांपेक्षा लवकर संपतोय. कडेने नाही, सगळीकडून सारखा. एकदा सावर्ड्याहून परत आल्यावर रिमजवळ हात नेला, तर भाकरीच्या तव्याजवळ नेल्यासारखं वाटलं. बाकी चाकं कोमट. कॅलिपरच्या (ब्रेक आवळणाऱ्या पकडीच्या) पिना गंजून अडकलेल्या, ब्रेक सुटतच नव्हता. एकच टायर पूर्ण रुंदीला लवकर गेला तर आधी ब्रेक बघा. इथे पूर नसला तरी खारं वारं आहेच.

आणि मायलेज पडलं होतं, ते आम्ही पेट्रोल पंपावर ढकलत होतो.

---

चाकरमानी_डोंबिवली

माझी एक गाडी गावी असते, संगमेश्वरजवळ. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर उभीच. बाहेर काढली की पहिले पाच-सात किमी धबधब आवाज करत हादरते, मग शांत होते. टायर नक्षीने जवळजवळ नवे आहेत.

---

हातखंबा_तिठा

वजनाने टायर खालून चपटा होऊन बसलाय. गरम झाला की गोल होतो. पण एक दिवस होणार नाही. नक्षी सोडा, वय बघा. टायरच्या बाजूला DOT (डीओटी) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कडेला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी कितीही असली तरी त्यावर मुंबई गाठू नका. निघताना गावी कोणाला तरी किल्ली द्या, महिन्यातून एकदा बाजारापर्यंत फिरवून आणेल. आणि उभी ठेवताना दोन-तीन हवा जास्त भरून ठेवा.

---

आंबेवाला_वाडीत

माझे मागचे टायर दोन्ही कडांनी गेलेत, मधला पट्टा उभा आहे. वर सांगितल्याप्रमाणे हवा कमी. पण हवा मी पंपावर बरोबर तीस भरतो.

---

हातखंबा_तिठा

एप्रिल-मेमध्ये डिकीत आणि मागच्या सीटवर किती पेट्या असतात ते सांगा आधी.

---

आंबेवाला_वाडीत

बारा-चौदा. कधी जास्त.

---

जुना_पाना

पेटी वीसेक किलोची धरली तरी अडीचशे किलोच्या वर झालं, आणि ते सगळं मागच्या चाकांवर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांत दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा, एक भरलेल्या गाडीचा. भरलेल्या गाडीला मागे जास्त लागते. पेट्या भरल्या की मागची हवा वाढवा, उतरवल्या की कमी करा.

दुसरी चूक बहुतेकांची हीच असते. हवा सकाळी गार टायरवर मोजायची. हातखंब्यापर्यंत धावून आल्यावर पंपावर मोजली तर टायर तापलेला असतो, दोन-चार जास्तच दाखवतो. मग पंपवाला हवा काढून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर भुकेला.

---

मालवणी_भाचो

माझे दोनूय पुढचे टायर भायरच्या कडेन गेलेत. हात फिरवलो, खरखर नाय. हवा कमी आसा काय? मी रोज आंबोली घाटातसून जातंय.

---

जुना_पाना

भाच्या, घाटात वळणावर गाडी बाहेरच्या चाकावर कलते आणि पुढच्या टायरची बाहेरची कडच सगळं झेलते. रोज आंबोली चढ-उतार करणाऱ्याचा टायर थोडा असा जाणारच. हवा कमी असली की तीच कड आणखी लवकर जाते. हवा स्टिकरप्रमाणे ठेव, वळणावर वेग कमी कर, आणि दर आठ-दहा हजार किमीला पुढचे टायर मागे टाक. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नको, त्याच बाजूने पुढचा मागे आणि मागचा पुढे.

---

मालवणी_भाचो

वेग कमी कर म्हणतास, तां बायलेक सांगा, तीच चालवता.

---

गुहागरी_मास्तर

अपडेट देतोय. रविवारी चिपळूणला एका जुन्या मेस्त्रीकडे गेलो. आधी मशीनवर चढवायचंच नाही, असं सांगून टाकलं. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. म्हणाले, वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे हललं तर स्टिअरिंग एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा. दोन्हीत काही हललं नाही. मग खाली झोपून पहार घेतली, लोअर आर्म आणि सांगाडा यांच्या मधे घालून ढकलली. डाव्या आर्मचा मागचा बुश तोंड उघडून बघावं तसा उघडला. रबराला एक पूर्ण फट. मला टॉर्च धरायला लावून बोट घालायला सांगितलं. करंगळीचं टोक गेलं आत.

उजवा बुशही ढिला होता, पण फाटलेला नव्हता. दोन्ही आर्म बदलले, कारण एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी दोन मनांनी चालते, असं त्यांचं म्हणणं.

मग टो लावायला गेलो तर नवीनच कहाणी. डाव्या स्टिअरिंग एंडचा लॉक नट (टो फिरवण्याआधी सैल करायचा तो) गंजून एकजीव झालेला. पान्याचा एक ओरखडा नाही त्यावर! म्हणजे आधीच्या दोन्ही अलाइनमेंटमध्ये डावीकडे कोणी हातच लावला नव्हता. उजवीकडचा फिरवून एकूण आकडा शून्य केला आणि कागद हिरवा झाला. काका, हे टायर खाण्याचं कारण होतं का?

---

जुना_पाना

नाही, पण तुमचं कललेलं स्टिअरिंग त्याचंच. एकूण टो शून्य असला की गाडी सरळ चालताना दोन्ही चाकं आपसूक समान होतात, टायरला काही होत नाही. फक्त स्टिअरिंग एका बाजूला राहतं. धाग्याच्या सुरुवातीलाच तुम्ही ते लिहिलंत तेव्हाच मला वाटलं की काम एकाच बाजूने झालंय. अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंग सरळ नसेल तर तिथूनच गाडी परत मशीनवर चढवायला लावायची, पैसे नंतर.

नट कसा काढलात?

---

गुहागरी_मास्तर

रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. सकाळी तरीही नाही, मग गरम करून. शेवटी एंडच नवीन घातला. मेस्त्री म्हणाले, समुद्राकडच्या गाड्यांना दर सर्व्हिसला तिथे ग्रीसचा हात फिरवायला सांगा, नाहीतर पुढचा माणूसही असाच एका बाजूने फिरवून कागद देणार.

---

आशा_रत्नागिरी

मी शॉकअप बदलले. टायर पुढे टाकले तर आवाज पुढे आला! म्हणजे टायरच. नवीन घ्यावे लागणारच. पण मागचा टो-कँबर बघायचा तर टायरवाला म्हणतो मागे फिरवायला काही नाही.

---

हातखंबा_तिठा

बरोबर सांगतोय. छोट्या गाड्यांत मागे एकच आडवा बीम असतो, त्यात फिरवायला नट नसतो. आकडे मोजून घ्या मात्र. मोजून मागे काही भलतंच निघालं तर बीम वाकलाय, फिरवून सुटणार नाही. तुमच्या वाट्या शॉकअपच्याच होत्या, त्यामुळे घाबरू नका.

---

चिपळूणचा_पूर

मशीनवर विश्वास नसेल तर घरी टो बघता येतो. सपाट जागा हवी, अंगणात जांभ्याची फरशी चालेल पण उतार नको. दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या पट्ट्यावर, चाकाच्या मध्याच्या उंचीला पुढून खडूने एकेक खूण करा. दोघांनी टेप धरून त्या दोन खुणांतलं अंतर मोजा. मग गाडी हळू पुढे ढकला, खुणा फिरून त्याच उंचीला मागे येईपर्यंत. परत मोजा. पुढचं अंतर जास्त असेल तर टो बाहेर, मागचं जास्त असेल तर टो आत. गाडी मागे ढकलू नका, पुढेच ढकला. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक टेपवर दिसतो. अचूक नाही, पण पाच मिमी निघाला तर गॅरेजला आवाज चढवून बोलता येतं.

---

गुहागरी_मास्तर

धागा वर काढतोय, चार महिने झाले. नवीन टायरवर सात हजार किमी. नक्षी मोजायचा छोटा गेज घेतला. डावा पुढचा: बाहेर ६.८ मिमी, मध्ये ६.७, आत ६.७. उजवा जवळजवळ तसाच. १.६ मिमीला कायद्याने टायर बाद होतो, तिथपर्यंत खूप वाट आहे. आता पहिल्या तारखेला गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवतो आणि आतली कड बघतो. पूर्ण वळवलं की आतली बाजू चाक न खोलता दिसते, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तार निघालेला जुना टायर वेलदूरच्या मित्राने होडीला बांधायला मागून नेला.

---

जुना_पाना

मित्राला सांगा, तारेची बाजू होडीकडे लावू नको. फायबर ओरखडेल.